‘प्रश्नावली काय, कोणीही बनवेल’ हा सल्ला कृपा करून पाळू नका

प्रोजेक्टचा सीझन आला की विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला फिरायला लागतो आणि दरवर्षी तो जास्तच जोरात फिरतो. थोडक्यात असा: प्रश्नावली बनवायला डोकं लागत नाही, शब्द इकडचे तिकडे झाले तरी फरक पडत नाही, लोक खरं तेच सांगतात, रिस्पॉन्स भरपूर आले की बारीकसारीक चुका आपोआप निघून जातात, फॉर्म छोटा ठेवायला दोन गोष्टी एका प्रश्नात घाला, आणि पायलट, म्हणजे खऱ्या सर्व्हेआधी थोड्या लोकांवर प्रश्नावली तपासून बघणं, हा गाईडने मागे लावलेला टाइमपास. मी सर्व्हेच्याच कामात आहे आणि हे वाचून मला मनापासून वाईट वाटतं, कारण यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि मुलं विश्वासाने ते पाळतात.

शब्दांनी फरक पडत नाही म्हणे. अमेरिकेत 1941 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे, लोकशाहीविरुद्ध जाहीर भाषणं करायला परवानगी द्यावी का असं विचारलं तर 62 टक्के म्हणाले देऊ नये, आणि तशाच दुसऱ्या गटाला अशा भाषणांवर बंदी घालावी का असं विचारलं तर बंदी घाला म्हणणारे निघाले 46 टक्के. आता परवानगी न देणं आणि बंदी घालणं, प्रत्यक्षात गोष्ट एकच ना? पण ‘बंदी’ म्हटलं की माणूस जरा कचरतो. याहून वाईट प्रकार 1992 चा. रोपर संस्थेने अमेरिकनांना विचारलं की नाझींनी ज्यूंचा संहार केलाच नव्हता हे तुम्हाला शक्य वाटतं की अशक्य. 22 टक्के म्हणाले शक्य वाटतं, आणि देशभर खळबळ उडाली. नंतर तोच प्रश्न सरळ करून, नकारात नकार न अडकवता विचारला तेव्हा तो आकडा 1 टक्क्यावर आला. म्हणजे लोक संहार नाकारत नव्हते, प्रश्नात अडकले होते.

‘लोक खरं तेच सांगतात’ यावर मला जरा जास्त बोलायचंय. लोक खोटं बोलतात असं माझं म्हणणं अजिबात नाही, बहुतेक जण प्रामाणिकपणेच सांगतात, पण ते सांगतात तुम्ही विचारलेल्याचं उत्तर, आणि ते आठवणीतून काढून सांगतात. आपल्याच देशातलं उदाहरण घ्या. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण म्हणजे एनएसएसवाले घरखर्च विचारताना वर्षानुवर्षं ‘गेल्या 30 दिवसांत किती’ असं विचारायचे. नव्वदच्या दशकात त्यांनी काही फेऱ्यांमध्ये प्रयोग केला, अर्ध्या घरांना जुनाच फॉर्म आणि अर्ध्यांना नवीन, त्यात खाण्यापिण्याचं गेल्या 7 दिवसांचं विचारायचं आणि कपडे, टिकाऊ वस्तू असल्या खर्चाचं 365 दिवसांचं. नव्या फॉर्मवर खर्च इतका जास्त निघाला की तो धरला असता तर देशातली गरिबी जवळपास निम्मी झाली असती, सुमारे 20 कोटी लोक कागदावर दारिद्र्यरेषेच्या वर. कोणाच्या ताटात एक घास वाढला नव्हता, फक्त दिवस बदलले होते!

पुढे 1999-2000 च्या फेरीत तर खाण्याचे 7 दिवस आणि 30 दिवस हे दोन्ही एकाच घराला शेजारशेजारच्या रकान्यांत विचारले, साहजिकच दोन्ही उत्तरं एकमेकांकडे ओढली गेली, आणि गरिबी 1993-94 च्या 36 टक्क्यांवरून 26 टक्क्यांवर आली ती खरंच किती उतरली यावर अर्थतज्ज्ञ पुढची कितीतरी वर्षं भांडत राहिले. आणि यावरून ‘मग सगळं 7 दिवसांचंच विचारा’ असंही करू नका. धान्य महिन्याचं एकदम भरलं जातं, भाजी रोज येते, त्यामुळे आता भाजी, फळं, अंडी, मासे यांचं 7 दिवसांचं, धान्याचं 30 दिवसांचं आणि कपड्यांसारख्या गोष्टींचं वर्षाचं विचारतात. वस्तू कशी वापरली जाते त्यावर प्रश्न ठरतो.

याच मुद्द्यात बायकांच्या कामाचं. खेड्यात जाऊन एखाद्या बाईला ‘तुम्ही काम करता का’ विचारा, ‘नाही, घरीच असते’ म्हणेल, आणि तीच बाई सकाळी दोन म्हशींची धार काढून, खुरपणी करून, सरपण आणून बसलेली असते. खोटं बोलली का ती? नाही, तिच्या लेखी काम म्हणजे मजुरी नाहीतर नोकरी. म्हणून 2019 च्या वेळवापर सर्वेक्षणात पहाटे 4 ते दुसऱ्या दिवशी पहाटे 4 असा दिवस धरून अर्ध्या अर्ध्या तासाने काय केलं ते विचारलं. कौटुंबिक हिंसेचंही तसंच, मुंबईत देवनारला असलेली आयआयपीएस ही लोकसंख्या अभ्यासाची संस्था जो राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करते त्यात ‘तुमचा छळ होतो का’ असं मोघम विचारत नाहीत. नवऱ्याने कधी थोबाडीत मारली का, हात पिरगाळला का, केस ओढले का, अशी एकेक कृती विचारतात, तेही घरातल्या एकाच बाईला आणि एकांत मिळाला तरच. तुम्ही तोच विषय गूगल फॉर्मवर हो/नाही मध्ये उरकणार असाल तर येणाऱ्या आकड्याला काहीही अर्थ नाही.

रिस्पॉन्स भरपूर असले की झालं, याचं उत्तर 1936 मध्येच मिळालंय. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीआधी तिथल्या लिटररी डायजेस्ट साप्ताहिकाने लोकांना सुमारे 1 कोटी नमुना मतपत्रिका पाठवल्या, 20 लाखांहून जास्त परत आल्या, आणि रूझवेल्टविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्ट 60 टक्क्यांहून जास्त मतं घेऊन आले, लँडनला दोनच राज्यं मिळाली. चुकीच्या लोकांकडून किंवा चुकीच्या प्रश्नावर आलेले हजार फॉर्म ही चूक पुसत नाहीत, तीच चूक पक्की करतात.

फॉर्म छोटा ठेवा हे मात्र मला मान्य आहे, लांबलचक फॉर्मला लोक कंटाळतात आणि शेवटी शेवटी एकाच रकान्यात टिक मारत सुटतात. पण छोटा करायचा तो प्रश्न गाळून, जोडून नाही. ‘गावात पाणी नियमित आणि स्वच्छ येतं का?’ याला रोज पण गढूळ पाणी येणाऱ्याने काय उत्तर द्यायचं?

राहिला पायलट. पायलट म्हणजे मित्रांना लिंक पाठवून फॉर्म सबमिट होतो का बघणं नव्हे. ज्यांचा सर्व्हे करायचाय तशाच आठदहा लोकांसमोर बसायचं, प्रश्न वाचायचा, उत्तर घ्यायचं आणि मग विचारायचं की प्रश्नातून तुम्हाला काय समजलं, ‘नेहमी’ म्हणालात ते आठवड्यातून किती वेळा. ‘गेल्या महिन्यात दवाखान्यात गेला होतात का’ यात कोणी मेडिकलमधून आणलेली गोळी धरतो, कोणी सासूला घेऊन गेलेलं धरतो, कोणी आशाताई घरी आल्या तेही धरतो, हे समोर बसल्याशिवाय कळत नाही. असे प्रश्न सापडले की बदला आणि बदललेले पुन्हा चारपाच नवीन लोकांना विचारून बघा. हे लिंक फिरवायच्या आधीच करा, कारण मध्येच प्रश्न बदलला तर आधीची उत्तरं एका प्रश्नाची आणि नंतरची दुसऱ्याच प्रश्नाची होतात, आणि ती एका तक्त्यात मांडता येत नाहीत.