बर्फ जमला म्हणजे गॅस संपला? आधी फिल्टर काढून बघा

मार्च लागला की सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोच: ‘एसीवर बर्फ दिसला म्हणजे गॅस संपला. एसीचा गॅस दरवर्षी थोडा थोडा उडतो, उन्हाळ्याआधी भरून घ्या. तोवर एसी १६ वर ठेवा आणि बर्फ गरम पाण्याने काढा.’ मी एसी दुरुस्तीचंच काम करतो. लोकांनी दरवर्षी गॅस भरला तर माझंच भलं आहे. तरी या मेसेजचा एकदा समाचार घेतो.

दरवर्षी गॅस उडतो? एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो. घरातला फ्रिजही असाच चालतो; त्यात दर मार्चला गॅस भरता का? गॅस कमी झाला असेल तर तो कुठूनतरी गळतोय. बहुतेक वेळा पाइपच्या जोडावरच्या नटातून, नाहीतर कॉईलला, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या जाळ्याला, पडलेल्या बारीक भोकातून. गळती न शोधता वरून गॅस सोडणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. जोडांना साबणाचा फेस लावून किंवा नायट्रोजनचं प्रेशर देऊन गळती पकडायची, बुजवायची, व्हॅक्युम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओलावा काढायचा आणि मग युनिटच्या पट्टीवर लिहिलंय तेवढाच गॅस काट्यावर तोलून भरायचा. ‘थोडा टॉप-अप मारतो’ याला काम म्हणत नाहीत.

बर्फ म्हणजे गॅस कमी, हे मात्र अर्धं खरं आहे, म्हणून तर ते खपतं. गॅस कमी झाला की कॉईलमधलं प्रेशर पडतं आणि त्यासोबत तापमानही. आर-३२ या हल्लीच्या बऱ्याच एसींतल्या गॅसचं प्रेशर १०० पीएसआयच्या (पीएसआय हे दाब मोजायचं एकक) खाली गेलं की कॉईल शून्याखाली जाते आणि हवेतली वाफ तिच्यावर गोठते. पण कॉईलवरून पुरेशी हवा गेली नाही तरी हेच होतं!

गेल्या मे महिन्यात एका काकूंनी बोलावलं. ‘एकाने गॅसचे अडीच हजार सांगितलेत, तू किती घेशील रे?’ झाकण उघडलं, तर कॉईलभर जुन्या फ्रीझरसारखा पांढरा थर. फिल्टरची जाळी दिसतच नव्हती. फोडणीचा तेलकट धूर, त्यावर रस्त्याची धूळ, त्यावर उदबत्तीची काजळी. नळाखाली धरला तर पाणी आरपार जाईना, वरूनच ओघळायला लागलं.

‘अहो काकू, हा शेवटचा कधी धुतला?’

‘अगंबाई, तो निघतो का?’

फिल्टर धुतला, जेट पंपाने कॉईल आणि ब्लोअर साफ केला, मग प्रेशर मोजायचा गेज लावला. प्रेशर १२५. गॅस पुरेसा होता.

ढोबळ खूण सांगतो. कॉईलवर सगळीकडे सारखा बर्फ असेल तर आधी हवेचा संशय घ्या. कॉईलच्या एकाच कोपऱ्यात किंवा आउटडोअरच्या बारीक पाइपवर असेल तर गॅसचा. खात्री गेजच देतो.

१६ वर ठेवण्याचा सल्ला तर उलटाच. कंप्रेसर थांबत नाही, थर वाढतच जातो. पावसाळ्यातल्या गार रात्री तर विचारूच नका. कूलिंग बंद करून फॅन मोड फुल स्पीडवर लावा. दोन-तीन तासांत बर्फ उतरतो. खाली बादली ठेवा, कारण तेवढं पाणी ट्रेमध्ये मावेलच असं नाही.

गरम पाणी नको. शेजारीच सर्किट बोर्ड असतो. आणि स्क्रूड्रायव्हरने खरवडू तर अजिबात नका. कॉईलचे पत्रे कागदासारखे पातळ, त्यांच्यामागे लगेच नळी. ती फुटली तर मात्र मेसेज खरा ठरेल, आणि आर-३२ थोडाफार पेट घेणारा गॅस आहे.

फिल्टर स्वच्छ असूनही पुन्हा बर्फ आला तर खुशाल मेकॅनिक बोलवा. फक्त तो सिलिंडर उघडायच्या आत विचारा, ‘गळती कुठे सापडली, दाखवा.’