‘तारे वाटू नका, दंड ठोका’: त्या मेसेजला उत्तर

नवी मुंबईतल्या ऐरोली, घणसोली, कोपरखैरणेच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. पर्यावरणात चांगलं काम करणाऱ्या कारखान्यांना सरकारने तारे, प्रमाणपत्रं आणि सवलती देणं म्हणजे प्रदूषणाला परवाना, असं त्याचं म्हणणं. त्यातले मुद्दे असे: दंड वाढवला की सगळे सरळ येतात, ऐच्छिक योजनेत कुणी काही करत नाही, तारे पैसे देऊन मिळतात आणि एकदा बक्षीस मिळालं की त्या कंपनीकडे कुणी फिरकत नाही.

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांमध्ये सांडपाणी प्रक्रियेचं काम करतो आणि राहतोही इथेच. रात्री उशिरा येणारा तो उग्र वास माझ्याही घरात शिरतो. मेसेजमागचा राग मला पूर्ण पटतो. मागणी मात्र चुकीची आहे.

‘दंड वाढवला की सगळे सरळ येतात.’ दंड हवाच, टाळं ठोकण्याचा अधिकारही हवा. ऑगस्ट 2017 मध्ये तळोज्यात कुत्री निळी झाली, तेव्हा कासाडी नदीत रंग सोडणारा कारखाना बंद करावाच लागला. पण कारवाई झाली ती कुत्री निळी झाल्यावर. शिवाय 2023 च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातल्या बहुतेक उल्लंघनांसाठीची कैद काढून तिथे 10 हजार ते 15 लाख रुपयांचा दंड आणला. मोठ्या कंपनीला 15 लाख म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

त्याहून मोठी अडचण दुसरीच आहे. सांडपाण्यातल्या सीओडीची (म्हणजे पाण्यातली घाण नष्ट व्हायला किती ऑक्सिजन लागेल, या मापाची) सर्वसाधारण मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम. एक कारखाना 240 वर थांबतो, दुसरा सॉल्व्हंट (रसायनं विरघळवायला वापरलेला द्रव) परत मिळवण्याचं यंत्र बसवून 90 वर येतो. कायद्याच्या लेखी दोघे सारखेच. 35 मार्कांना पास म्हटलं की 36 वा मार्क मिळवायला कुणी रात्र जागवत नाही, तसं हे आहे. पाणी निम्म्यावर आणणं, विषारी कच्चा माल बदलणं, गाळ कमी करणं यातलं बरंच काही दंडाच्या धाकाने होत नाही, कारण ते न करणं हा गुन्हाच नाही.

आणि जे गुन्हा आहे ते तरी किती सापडतं? बाहेर जाणारा वायू धुऊन काढणाऱ्या स्क्रबरचा पंप रात्री बंद ठेवला की वीजही वाचते आणि त्यात लागणारं कॉस्टिक हे रसायनही. सकाळी अधिकारी येतात तेव्हा पंप चालू असतो, पीएच बरोबर असतो आणि लॉगबुक भरलेलं असतं. मी अशी लॉगबुकं पाहिली आहेत: तीन पाळ्यांच्या नोंदी, एकच पेन, एकच अक्षर. रात्री दोन वाजता पंप चालू राहायचा असेल, तर तो चालू ठेवण्यात मालकाचा काहीतरी फायदा असावा लागतो. बक्षिसाच्या योजना नेमका तो फायदा तयार करू पाहतात.

‘ऐच्छिक योजनेत कुणी काही करत नाही.’ अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 1991 मध्ये 17 घातक रसायनांसाठी एक ऐच्छिक कार्यक्रम काढला. 1988 च्या तुलनेत 1995 पर्यंत उत्सर्जन निम्मं करायचं होतं, ते एक वर्ष आधीच झालं. यात एक खोट आहे, तीही सांगतो: मोजणी 1988 पासून असल्यामुळे कार्यक्रमाआधीची घटही त्याच्याच खात्यात धरली गेली. म्हणून सगळं श्रेय मी त्याला देणार नाही, पण ‘कुणीच काही करत नाही’ हेही खरं नाही.

इंडोनेशियाचं उदाहरण मला जास्त उपयोगी वाटतं. तिथे 1995 मध्ये 187 कारखान्यांना सोनेरी, हिरवा, निळा, लाल, काळा अशी उत्तमपासून वाईटापर्यंत रंगांची प्रतवारी लावली. सोनेरी एकालाही मिळाला नाही. जूनमध्ये फक्त 5 हिरव्या कारखान्यांचा जाहीर गौरव झाला. लाल-काळ्यांना त्यांचा रंग खासगीत कळवून डिसेंबरपर्यंत मुदत दिली, मग नावं जाहीर केली. बक्षीस आणि बदनामी एकाच यादीत होती, आणि त्या मुदतीत काही जणांनी सुधारणा केलीही.

‘तारे पैसे देऊन मिळतात.’ आपल्याकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने जून 2017 मध्ये एक ते पाच ताऱ्यांची योजना सुरू केली. त्यासाठी कंपनीला अर्ज करावा लागत नाही. चिमणीतून घेतलेल्या नमुन्यांत धूलिकण किती, यावर तारे ठरतात, आणि एक तारावाल्याचं नावही लोकांसमोर येतं. माणूस शिडीने चिमणीच्या प्लॅटफॉर्मवर चढतो, चिमणीला ठेवलेल्या छिद्रातून (पोर्टहोल) नळी आत घालतो, छोट्या फिल्टरमध्ये (थिंबल) धूळ गोळा होते, ती प्रयोगशाळेत वजन करतात. गडबड होते ती इथेच. नमुना घ्यायला येणार हे आधी कळलं की त्या दिवशी बॉयलर कमी लोडवर चालवता येतो.

म्हणून प्रश्न ताऱ्यांचा नाही, मोजणाऱ्याचा आहे. गुजरातमध्ये कारखाने आपले पर्यावरण लेखापरीक्षक स्वतः निवडायचे आणि फीही स्वतःच द्यायचे. 2009 ते 2011 या काळात अहमदाबाद-सुरत भागातल्या 473 कारखान्यांवर संशोधकांनी प्रयोग केला. त्यातल्या निम्म्या ठिकाणी परीक्षक चिठ्ठी टाकून नेमले, फी सामायिक निधीतून ठरावीक दराने दिली आणि अधूनमधून फेरतपासणी केली. ‘मर्यादेच्या आत’ असे खोटे अहवाल 80 टक्क्यांनी कमी झाले. कारखान्यांनी प्रदूषणही घटवलं. माणसं तीच, यंत्रं तीच, फक्त परीक्षक कोण नेमतो, पैसे कोण देतो आणि फेरतपासणी होते का, ते बदललं.

ताऱ्यांवर टीका करायचीच तर ही करा: ते धूलिकणांपुरतेच आहेत. आपल्याला रात्री त्रास होतो तो सॉल्व्हंटचा आणि हायड्रोजन सल्फाइडचा. पाच तारे मिळवलेल्या कारखान्यातूनही तो वास येऊ शकतो, आणि तारे देणाऱ्याने काही खोटं केलेलं नसेल.

‘बक्षीस मिळालं की कुणी फिरकत नाही.’ या मुद्द्यात तथ्य आहे. अमेरिकेच्या त्याच पर्यावरण संस्थेने 2000 साली सुरू केलेल्या ‘परफॉर्मन्स ट्रॅक’ या ऐच्छिक योजनेत सदस्य कंपन्यांना नेहमीच्या तपासण्यांच्या यादीत खाली ढकललं जाई. 2007 मध्ये संस्थेच्याच महानिरीक्षकांनी 30 सदस्य तपासले, तर दिलेली सगळी आश्वासनं पाळणारे फक्त 2 निघाले. 2009 मध्ये योजना गुंडाळली. आपल्याकडे स्वयंघोषणेवर संमतीपत्राचं (कारखाना चालवायला मंडळ देतं त्या परवानगीचं) आपोआप नूतनीकरण होतं, तिथेही हाच धोका आहे. बक्षीस म्हणून कौतुक द्या, कागदपत्रं लवकर निकाली काढा, पण अचानक होणारी तपासणी कुणालाही माफ नको.

छोट्या युनिटांबद्दल मेसेजमध्ये एक शब्द नाही. टीटीसीतल्या (ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या औद्योगिक वसाहतीतल्या) आठ-दहा कामगारांच्या शेडला स्वतंत्र पर्यावरण अधिकारी ठेवणं परवडत नाही. त्यांच्यासाठी दंडही निरुपयोगी आणि ताराही. त्यांना अनेक कारखान्यांचं सांडपाणी एकत्र शुद्ध करणाऱ्या सामायिक प्रक्रिया केंद्रावर प्रत्येकाच्या जोडणीला मीटर आणि आलेल्या पाण्याच्या गुणवत्तेनुसार बिल हवं, म्हणजे कमी घाण सोडणाऱ्याचं बिल दर महिन्याला कमी येईल.

तेव्हा ग्रुपवर ‘योजना रद्द करा’ अशी सह्यांची मोहीम काढण्याऐवजी तुमच्यापैकी कुणीतरी स्वतःच्या नावाने प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे माहिती अधिकारात अर्ज करा. आपल्या जवळच्या ज्या कारखान्याला चार-पाच तारे आहेत त्याच्याबद्दल विचारा: नमुना कोणत्या तारखेला घेतला, कंपनीला आधी कळवलं होतं का, प्रयोगशाळेची फी कुणी भरली आणि त्या दिवशी उत्पादन किती होतं. अर्जाचा मसुदा हवा असेल तर मी करून देतो.