फिनलंडच्या गावात 1 युरोत घर आणि मुलामागे दहा लाख? तो फॉरवर्ड पुढे पाठवू नका

हा मेसेज आता माझ्या मावशीच्या फोनवर पोचलाय आणि मावसभाऊ एका एजंटला टोकन द्यायला निघालाय, म्हणून लिहितोय, नाहीतर असले मेसेज मी न वाचता डिलीट करतो. मेसेज थोडक्यात असा: फिनलंडची खेडी ओस पडलीत, सरकार गावं बंद करतंय, जो तिथे जाऊन राहील त्याला 1 युरोत घर, प्रत्येक मुलामागे दहा लाख रुपये, वर्षभरात नागरिकत्व, आणि माणूसच उरला नाही म्हणून बाहेरून आलेला सरळ सरपंच. मी गेली काही वर्षं फिनलंडमधल्या ओउलू या शहरात राहतो, इथून उत्तरेला-पूर्वेला गाडी काढली की हीच गावं लागतात, त्यामुळे एकेक घेतो.

1 युरोत घर. ती स्कीम इटलीतल्या गावांची, मेसेजमधला डोंगरउतारावरच्या दगडी घराचा फोटोही फिनलंडचा वाटत नाही. इथे काही छोट्या नगरपालिकांनी (इथे खेड्यांचा कारभारही नगरपालिकाच बघते) नाममात्र दरात मोकळे प्लॉट दिले हे खरं, पण त्यावर ठरलेल्या मुदतीत घर बांधायचं असतं, स्वतःच्या पैशाने, उणे तीसला टिकेल असं. आणि आपण युरोपियन युनियनच्या बाहेरचे, म्हणजे 2020 पासून इथे जमीन किंवा स्वतंत्र घर घ्यायला संरक्षण मंत्रालयाची परवानगी लागते. हो, संरक्षण मंत्रालयाची. शिवाय घर घेतलं म्हणून राहायचा परवाना मिळत नाही, ती दोन वेगळी कामं आहेत.

आता मुलामागे दहा लाख. ही गोष्ट एका गावाची आहे, देशाची नाही. लेस्टियार्वी, मध्य ऑस्ट्रोबोथ्निया भागात, लोकसंख्या हजाराच्याही खाली. 2012 मध्ये तिथे वर्षभरात एक बाळ जन्माला आलं, एक. मग नगरपालिकेने 2013 पासून ठरवलं की प्रत्येक बाळामागे 10,000 युरो द्यायचे, पण एकरकमी नाही, दर वर्षी 1,000 असे दहा वर्षं, आणि तेवढी वर्षं गावातच राहायचं. साधारण साठेक मुलांचे पैसे दिले, चार लाख युरोंच्या वर खर्च झाला. आणि 2023 मध्ये गावच्याच प्रशासन अधिकाऱ्याने पत्रकारांना सांगितलं की उपयोग झाला नाही, बाळं वाढली ती सुरुवातीचं एखादं वर्ष. त्या दहा वर्षांत गावची लोकसंख्या जवळपास पाचव्या हिश्शाने घटली. म्हणजे ज्या योजनेचं आमिष दाखवून आपल्याकडे टोकन मागतायत ती ज्यांनी काढली त्यांनीच फसली म्हणून सांगितलंय!

आणि फसणारच होती, कारण अडचण पैशाची नव्हतीच. पोरं शाळा संपली की शिकायला ओउलू, युवास्कुला, टाम्पेरेला जातात, तिथेच नोकरी लागते, परत येत नाहीत, मागे आईवडील राहतात, ते म्हातारे होतात, मग शाळेत मुलं नाहीत म्हणून शाळा बंद, शाळा नाही म्हणून नवीन कुटुंब येत नाही. त्यात देशाचाच जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, 2010 ला 1.87 होता तो 2023 ला 1.26 वर आला. 2016 पासून जन्मांपेक्षा मृत्यू जास्त आहेत, लोकसंख्या वाढतेय ती बाहेरून येणाऱ्यांमुळे. गावात कमतरता आहे ती कामाची आणि माणसांची, रिकामी घरं हवी तेवढी आहेत.

सरकार गावं बंद करतंय हे साफ खोटं. नगरपालिका एकमेकींत विलीन होतात. 2008 मध्ये 415 होत्या, 2009 च्या 1 जानेवारीला 348 राहिल्या, आता तीनशेच्या थोड्या वर. एकट्या सालोमध्ये तेव्हा दहा एकत्र आल्या. पण गाव तिथेच असतं, ऑफिस मात्र लांब जातं आणि म्हातार्‍या माणसाला त्याचा त्रास होतो, एवढं मी मान्य करतो.

वर्षभरात नागरिकत्व. हा सगळ्यात घातक मुद्दा, कारण एजंट यावरच पैसे काढतो. 1 ऑक्टोबर 2024 पासून साधारण अट पाच वर्षांवरून आठ वर्षं झालीय, वर फिनिश किंवा स्वीडिशची परीक्षा. आणि मुळात येण्यासाठी नोकरी, शिक्षण किंवा कुटुंब असं काहीतरी ठोस कारण लागतं, 'गावात राहायला आलो' हे कारण नाही. बाहेरून आलेल्या माणसांवर उभं राहिलेलं गाव बघायचं असेल तर पश्चिम किनाऱ्यावरचं नार्पेस बघा, टोमॅटोची ग्रीनहाऊसं, आधी बोस्नियाचे लोक आले, मग व्हिएतनामचे. ते आले कामावर, स्कीमवर नाही. आणि तिथेसुद्धा नोकरीसाठी कामगारांकडून पैसे उकळल्याच्या प्रकरणात पोलीस तपास झाला. म्हणून मावसभावाला परत परत सांगतोय, नोकरी देणारा तुझ्याकडून पैसे मागत असेल तर तिथेच थांब. परवान्याचा अर्ज मिग्री म्हणजे इथल्या इमिग्रेशन खात्याकडे स्वतः ऑनलाइन करता येतो, फी त्यांच्या साइटवर लिहिलेली असते, एजंटचं टोकन त्यात कुठेच नाही.

राहिला सरपंच. इथे आपल्यासारखा सरपंच नसतो. लोक दर चार वर्षांनी कौन्सिल निवडतात आणि कौन्सिल एक व्यवस्थापक नेमते, जाहिरात देऊन, अर्ज मागवून, पगारावर. यात एक अर्धं खरं आहे ते सांगतो: दोन वर्षं इथे रहिवासी म्हणून नोंद असेल तर परदेशी माणसालाही नगरपालिकेच्या निवडणुकीत मत देता येतं आणि उभंही राहता येतं. चांगली गोष्ट आहे. पण कौन्सिलच्या हातात आधीपेक्षा कमी उरलंय: 2023 पासून दवाखाने आणि समाजसेवा नगरपालिकांकडून काढून नव्या प्रादेशिक संस्थांकडे गेल्यात, त्यासोबत नगरपालिका लोकांकडून जो आयकर घेते त्याचा दरही 12.64 टक्के पॉइंटने खाली आला. आता कौन्सिलपुढे असतं ते म्हणजे शाळा, पाळणाघर, रस्ते, जमिनीचं नियोजन, 2025 पासून बेरोजगारांना काम शोधून देणं, आणि हे सगळं चालतं फिनिशमध्ये, नाहीतर नार्पेससारख्या ठिकाणी स्वीडिशमध्ये.