मोतीबिंदू १९१२चा, चित्र १८७२चं

पहाटेचं धुकं, त्यात नारिंगी सूर्य, पाण्यावर काळपट होड्या. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ या चित्राखाली सध्या एक मजकूर फिरतो आहे: ‘मोनेला मोतीबिंदू होता. त्याला जग अंधूक दिसायचं, तसंच त्यानं रंगवलं आणि लोकांनी त्या दोषाला शैली म्हटलं.’ चित्रांची आवड असलेली माणसंही हे पुढे पाठवताहेत. मला त्याचं वाईट वाटतं. एका माणसाची उमेदीची सगळी मेहनत यात आजारपणाच्या खाती जमा होते.

आधी तारखा बघू. हे चित्र फ्रान्समधल्या ल हाव्र बंदराचं, तिथल्या एका हॉटेलच्या खिडकीतून पाहिलेलं. सहीशेजारी मोनेनं ७२ असं साल घातलं आहे. तेव्हा त्यानं नुकतीच तिशी ओलांडली होती. मोतीबिंदूचं निदान झालं १९१२ मध्ये आणि उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया १९२३ मध्ये.

कुणी म्हणेल, डोळ्यांचा त्रास त्याला आधीही झाला होता. झाला होता. १८६७च्या उन्हाळ्यात त्यानं बाझील या चित्रकार मित्राला तसं पत्रानं कळवलं होतं. डॉक्टरांनी उघड्यावर चित्रं काढायला मनाई केली होती. पण त्याच वर्षी, ल हाव्रजवळच्या सेंत-आद्रेसला त्यानं समुद्राकाठची एक बाग रंगवली. ते चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्यात फडकणारे झेंडे, उन्हात लालभडक फुलं, क्षितिजापर्यंत जहाजांची रांग, सगळं लख्ख आहे. डोळ्यांचा त्रास झाला त्या वर्षीही तो हे करू शकत होता. मग पाच वर्षांनी त्यानं धुकं रंगवलं ते ठरवूनच.

आणि त्या धुक्यात काय काय केलंय ते बघा. मोबाइलवर चित्र उघडून कृष्णधवल करा. सूर्य जवळजवळ नाहीसा होतो! हार्वर्डच्या मज्जासंस्थाशास्त्रज्ञ मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी हे उलगडून दाखवलं आहे. सूर्य आणि भोवतालचं आकाश यांचा उजळपणा जवळपास सारखा ठेवलाय, फरक आहे तो फक्त रंगाचा. वस्तू कुठे आहे, हलते आहे का, हे ओळखणारा मेंदूचा भाग रंगाला फारसा दाद देत नाही, उजेडातला फरक टिपतो. त्याला हा सूर्य नीट सापडत नाही, म्हणून तो थरथरल्यासारखा वाटतो. दोन रंगांचा उजळपणा इतका जुळवायला नजर तयार लागते. मी हे पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा बराच वेळ ते चित्र बंद करवेना.

मोतीबिंदूनं नुसतं धूसर दिसत नाही, रंगही बदलतात. डोळ्यातलं भिंग पिवळट-तपकिरी होत जातं आणि निळा प्रकाश अडतो. हे चित्र तर निळ्या-करड्या छटांनीच भरलेलं आहे. मोतीबिंदूची खूण शोधायची तर जिव्हर्नी गावातल्या त्याच्या बागेतल्या जपानी पुलाच्या १९२०च्या आसपासच्या चित्रांत शोधावी. तिथे लाल-तपकिरी रंगांचा कल्लोळ आहे. त्या काळात मोने रंगांच्या नळ्यांवरची नावं वाचून आणि पॅलेटवर रंगांचा क्रम ठरलेला ठेवून काम करत होता. फिरणाऱ्या मजकुरात खरं असेल तर ते एवढंच, आणि ते या चित्राला लागू नाही.

शिवाय ‘दिसलं तसं उतरवलं’ हेही बरोबर नाही. १८८२चं पूर्व्हिलच्या कड्याचं चित्र घ्या, ते शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. वाऱ्यात उभ्या दोन स्त्रिया, खाली समुद्र, त्यावर पांढरी शिडं. गवताला जे छोटे वळणदार फटकारे आहेत, तेच थोडे बदलून बायकांच्या शालींना आणि लाटांना दिले आहेत. उजवीकडचा खडक मोनेनं आधी मोठा काढला होता; समुद्र आणि आकाश यांचा तोल साधायला नंतर कमी केला. क्ष-किरणांखाली तो रंगाच्या थराआड अजून दिसतो.