साहेब, अकाउंट उघडाच

साहेब, कार्यालयाचं सोशल मीडिया अकाउंट उघडायचा आदेश आला म्हणून एवढं कशाला घाबरता? इंदूर 2017 पासून स्वच्छतेत पहिलं येतंय. इथे फोटोंना काय तोटा?

नियमांची काळजी सोडा. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान विभागाने 2012 सालीच सरकारी कार्यालयांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढलीत. कोण बोलणार, कुणाच्या अधिकारात, उत्तर किती वेळात, हे आधी ठरवा म्हणे. त्यावर 'अवलोकनार्थ' लिहून फाईल वर पाठवा. वर्ष सहज निघेल.

मजकुराचीही चिंता नको. गुढीपाडवा, रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक), 31 मेला अहिल्याबाईंची जयंती. शुभेच्छांवरच कॅलेंडर भरतं. फक्त उद्या नर्मदेचं पाणी येणार नाही, असलं काही टाकू नका. लोकांना उपयोगाची सवय लागते, मग ती मोडता मोडत नाही.

खरी अडचण पुढेच आहे: लोक उत्तर देतात! तुम्ही फीत कापतानाचा फोटो टाकाल आणि त्याखाली रामबागेतले एखादे काका तुंबलेल्या गटाराचा टाकतील. तोही तुमच्या फोटोपेक्षा स्पष्ट. वाद घालू नका. 'आपकी शिकायत संज्ञान में ली गई है' हे वाक्य मोबाइलमध्ये जपून ठेवा. काका शुद्ध मराठीत लिहोत की 'भिया, कब तक?' असं अस्सल इंदुरीत विचारोत, चिकटवायचं हेच. पुन्हा आले तर 181 वर, म्हणजे मुख्यमंत्र्यांच्या तक्रार हेल्पलाइनवर पाठवा. तिथे तक्रार एल-1 पासून एल-4 पर्यंत एकेका अधिकाऱ्याची पायरी चढत जाते. निवृत्त माणसाचा वेळ बरा जातो. मध्येच कुणीतरी फोन करून गळ घालेलच, 'काका, संतुष्ट आहे म्हणा ना, वरून फार प्रेशर आहे हो.' मराठी माणूस भिडेखातर म्हणून टाकतो. (गटाराला तेवढी भीड नसते.)

एखादा फारच चिवट निघाला तर? पूर्वी आक्षेपार्ह पोस्टसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या 66अ कलमाचा धाक तरी होता. सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली तेही रद्द केलं. आता ब्लॉकवर भागवायचं.

लाइक मात्र हवेत. प्रत्येक पोस्ट आपल्या कार्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका आणि अंगठा कुणी दिला नाही, याची नोंद बडे बाबूंना ठेवायला सांगा. गोपनीय अहवालाचे दिवस जवळ आले की आकडे आपोआप सुधारतात.

आणि अकाउंट स्वतःच्याच मोबाइल नंबरावर उघडा. तुमची बदली अलिराजपूरला झाली की ओटीपी तिकडे येईल. नवे साहेब चार दिवस तुम्हाला फोन लावतील, मग कंटाळून दुसरं अकाउंट उघडतील. शुभेच्छा नव्यावर जातील, तक्रारी जुन्यावर येत राहतील.