रेंज गेली? झोपा निवांत

तुमच्या नंबरचं नवं सिम काढून तुमचं खातं साफ करणाऱ्या चोराला (याला 'सिम स्वॅप' म्हणतात) मदत करायची आहे ना? मग सगळ्यात आधी, मोबाइल नंबर लपवण्याचा कद्रूपणा सोडा. कपड्यांच्या दुकानात काउंटरवरची मुलगी "नंबर सांगा" म्हणाली, की मागच्या रांगेलाही ऐकू जाईल असा खणखणीत सांगा. सोसायटीच्या गेटवरची वही, पेट्रोल पंपावरचं लकी ड्रॉचं कूपन, सगळीकडे सढळ हाताने लिहा. आधारच्या झेरॉक्सवर ती कशासाठी दिली ते लिहून आडवी सही करणारे काही खडूस लोक असतात, त्यांच्या नादी लागू नका. आणि फेसबुकवर जन्मतारीख सालासकट असू द्या. नाहीतर शुभेच्छा कोण देणार?

मग हाच नंबर बँकेला द्या, हाच डीमॅटला, हाच पीएफला. ईमेलचा पासवर्ड विसरलात तर तो बदलायलाही हाच. घरातल्या सगळ्या कुलपांना एकच किल्ली असली की जुडगा सांभाळायची कटकट नाही. त्यातही सोय अशी, की ही किल्ली तुमच्या खिशात नसतेच. ती सिम कंपनीच्या दुकानात खिळ्याला टांगलेली असते. "माझं कार्ड हरवलं हो" म्हणत कुणी तुमच्या नावाची कागदपत्रं पुढे केली आणि ती खपली, की त्याला नवी मिळते. ओटीपी बिचारा सिमच्या मागे जातो, माणसाचं तोंड तो बघत नाही. (ओटीपीसाठी वेगळं ॲप असतं म्हणे. असू दे.)

कधी कुणी गोड आवाजात "सर, तुमचं सिम अपग्रेड करायचंय" असा फोन करेल. सिमच्या मागचा वीस आकडी नंबर मागेल. चष्मा शोधा, पण वाचून दाखवा. नंतर सिम बदलायला तुमची संमती मागणारा मेसेज येईल, फोनवरचा म्हणेल एक दाबा. दाबा. एवढा आदराने आपल्याशी घरातलं तरी कोण बोलतं?

रात्री लागोपाठ मिस्ड कॉल येऊ लागले तर वैतागून फोन बंद करा. पलीकडच्याचीही तीच इच्छा असते. सिम मेल्याचं तुम्हाला सकाळपर्यंत कळू नये. डिसेंबर २०१८मध्ये माहीमच्या एका कापड व्यापाऱ्याला रात्रीत असे सहा मिस्ड कॉल आले. त्याचं सिम बंद झालं होतं आणि २८ व्यवहारांत १ कोटी ८६ लाख रुपये खात्यातून निघून गेले होते.

सकाळी 'नो सर्व्हिस' दिसलं तर म्हणा, "टॉवरचं काम चालू असेल." फोन खिडकीत धरा, दोनदा बंद-चालू करा, शेजारच्या काकांकडे त्याच कंपनीची रेंज फुल्ल आहे हे बघूनही शंका घेऊ नका. सरकारने २०२२मध्ये चोरांवर मोठा अन्याय केला आहे: सिम बदललं की पहिले २४ तास त्यावर एसएमएसच चालू द्यायचे नाहीत. एवढं जागरण करून सिम मिळवायचं आणि ओटीपीसाठी दिवसभर ताटकळायचं! तेव्हा माणुसकी म्हणून तो दिवस तुम्हीही काही न करता काढा. दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला विचारू नका, बँकेला खातं गोठवायला सांगू नका, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० तर मुळीच फिरवू नका. पैसे पुढच्या खात्यात अडकले तर पलीकडच्याची पंचाईत होते.

रिझर्व्ह बँकेने २०१७ साली म्हणून ठेवलंय, की तुमची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे लांबवले आणि बँकेचा निरोप मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुम्हाला तोशीस नाही. म्हणून चौथ्या दिवशी जा. निरोप तरी कुठे मिळाला म्हणा. तो त्याच नंबरवर गेला.

बँकेत गर्दी असेल, टोकन घ्या. तासाभराने खिडकीवर तुमची पाळी येईल. साहेब सगळं शांतपणे ऐकून घेतील, संगणकावर टकटक करतील आणि मान वर न करता म्हणतील, "तक्रार घेतो की. रजिस्टर्ड मोबाइलवर ओटीपी गेलाय, तेवढा सांगा."