वीस खोल्या हव्यात? मग जास्त मोजा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरचीची अख्खी पाटी उचलणाऱ्याला भाव उतरवून मिळतो, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. गोव्यातील हॉटेलांच्या विक्री विभागाला मात्र व्यापाराचा हा पहिला धडा उलटा शिकवलेला दिसतो. तेथे एक खोली मागणाऱ्याला एक दर असतो, आणि तशाच वीस खोल्या दोन रात्रींसाठी मागणाऱ्याला त्याहून चढा दर सांगितला जातो. वर त्या चढ्या दराला ‘ग्रुप रेट’ असे नाव देऊन तो मोठी सवलत म्हणून आपल्या पदरात टाकतात आणि आपण आभार मानावेत अशी अपेक्षाही ठेवतात.

मी फोंड्यात राहतो. त्यामुळे पुणे, सांगली आणि कोल्हापूर येथील समस्त नातेवाईकांनी मला न विचारताच खोल्यांच्या खात्याचा मंत्री नेमून टाकले आहे. भाचीचे लग्न असो, मामांची एकसष्टी असो, की कुलदेवतेच्या दर्शनाला निघालेला गोतावळा असो, ‘दादा गोव्यातच असतो, त्याच्या ओळखीने होईल’ या एका वाक्यावर सगळी जबाबदारी माझ्यावर येऊन पडते. ओळखीने काहीही होत नाही. दर एक संगणक ठरवतो, तो कोणाचा भाऊबंद नाही, आणि त्याच्यासमोर बसलेल्या माणसाला त्यात एक रुपयाही कमी करण्याचा अधिकार दिलेला नसतो.

फोन लावला की तारखेच्या आधी पहिला प्रश्न येतो, ‘सर, लग्नाचे बुकिंग आहे का?’ हो म्हणताच पलीकडच्या आवाजात जो उत्साह संचारतो, त्याचे कारण उघड आहे. पर्यटकाला कळंगुट परवडले नाही तर तो हरमलला जातो, तेही नाही परवडले तर सरळ मालवणची वाट धरतो. वऱ्हाडाला तसे कुठे जाता येते? हॉल ठरलेला, मुहूर्त ठरलेला, पत्रिका छापलेल्या, रेल्वेची तिकिटे काढलेली. गिऱ्हाईक मोठे आहे एवढेच त्यांना दिसत नाही, ते अडलेले आहे हेही दिसते, आणि दर लावला जातो तो अडलेपणाला.

त्यात आपले पंचांगही हॉटेलवाल्यांना सामील असल्यासारखे वागते. तुळशीचे लग्न लागले, म्हणजे इकडची व्हडली दिवाळी झाली, की मुहूर्त सुरू होतात आणि धनुर्मास लागेपर्यंत सगळ्यांची धावपळ चालते. नेमक्या त्याच काळात पर्यटनाचा हंगाम भरात येतो, २००४ पासून नोव्हेंबरमध्ये पणजीत भरणारा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, आणि ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचे फेस्त असते. हे सगळे मला समजते. मागणी वाढली की भाव वाढणार, याविषयी माझी तक्रार नाही. माझी तक्रार अशी आहे की त्याच हॉटेलची, त्याच तारखांची, त्याच प्रकारची खोली मोबाइलवरील बुकिंगच्या अ‍ॅपवर कमी दरात दिसत असताना मला ईमेलने ‘विशेष समूह दर’ म्हणून अधिक रक्कम पाठवली जाते. विचारले, तर उत्तर मिळते की ऑनलाइन दर दोन-चार खोल्यांपुरताच असतो. मग मी चार-चार खोल्या वेगवेगळ्या नावांनी घेतो असे म्हटले, तर ‘वैयक्तिक बुकिंगवर लग्नाची मंडळी उतरवता येणार नाहीत’ असा नियम कोठून तरी बाहेर येतो. या ऑनलाइन कंपन्यांना हॉटेले साधारण १५ ते २५ टक्के कमिशन देतात. मी थेट आलो, म्हणजे ते कमिशन वाचले. त्यातला पाच टक्क्यांचा वाटा तरी गिऱ्हाइकाला मिळावा, असे म्हणणे गुन्हा आहे का?

आता कराकडे येतो, कारण खरी लबाडी तेथे चालते. कोणतेही कोटेशन उघडा, दरापुढे ‘अधिक कर’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते आणि किती कर हे लिहिलेले नसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे. त्याआधी तो १२ टक्के होता. साडेसात हजारांच्या वर गेलात की १८ टक्के. ही पायरी हॉटेलवाल्याला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे, तरीही मला दर आला ७,८०० रुपयांचा. ७,५०० च्या खोलीवर ३७५ रुपये कर होऊन ७,८७५ पडले असते. ७,८०० वर १,४०४ रुपये कर लागून खोली ९,२०४ रुपयांना पडते. फरक दर खोलीमागे, दर रात्रीमागे १,३२९ रुपयांचा झाला. वीस खोल्या आणि दोन रात्री धरल्या, तर ५३,१६० रुपये. हॉटेलने फक्त तीनशे रुपये खाली यायचे होते, म्हणजे एकूण १२,००० रुपये सोडायचे होते, आणि मुलीच्या बापाचे त्रेपन्न हजार वाचले असते. ही आकडेमोड मी कागदावर मांडून, फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. उत्तर आले, ‘सर, आमच्या सिस्टीममध्ये तसे होत नाही.’

यावर उपाय म्हणून मी म्हटले की दरातून नाश्ता काढा, म्हणजे रक्कम आपोआप साडेसात हजारांच्या आत येईल. आमच्या मंडळींना नाश्ता नकोच होता. लग्नाच्या दिवशी सकाळी आठला सगळे हॉलवर हजर असतात, तेथे आचाऱ्याचे उपमा, शिरा आणि चहा तयार असतो, आणि एखाद्याला हौस असलीच तर फोंड्यात गरम पातळभाजी-पावाला तोटा नाही. परंतु ग्रुपला नाश्ता सक्तीचा आहे, असे कळवण्यात आले. एकट्याने खोली घेणाऱ्याला तो ऐच्छिक, वीस खोल्या घेणाऱ्याला सक्तीचा. कोणीही न खाणार असलेल्या इडलीचे पैसे आम्ही भरायचे, आणि त्या इडलीने खोलीला कराच्या वरच्या पायरीवर ढकलले म्हणून १८ टक्केही आम्हीच भरायचे.

दुसऱ्या एका ठिकाणी तर खोलीचा दर ७,२०० असूनही त्यावर १८ टक्के लावले होते. का, तर म्हणे आमचा छापील ‘रॅक रेट’ नऊ हजारांचा आहे. छापील दरावरून कराची पायरी ठरवण्याची पद्धत २०१८ च्या जुलैमध्येच बंद झाली आणि तेव्हापासून प्रत्यक्ष आकारलेली रक्कम धरतात. हे मी एका वऱ्हाडी माणसाने हॉटेलच्या हिशेबनिसाला समजावून सांगावे लागते, यातच सगळे आले. त्याने ते शेवटी मान्य केले आणि दुसऱ्या दिवशी मूळ दरच वाढवून नवे कोटेशन पाठवले.

अटींचा कागद हा तर स्वतंत्र विषय आहे. निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली येण्याच्या आधी, खोल्या कमी करायच्या असतील तर अमुक तारखेपर्यंतच, त्यानंतर एकही खोली सोडली तरी पूर्ण आकार. रद्द केल्यास पैसे परत नाहीत, फार तर क्रेडिट नोट देणार, तीही सहा महिन्यांत वापरायची. म्हणजे सहा महिन्यांच्या आत मी घरात आणखी एक लग्न जमवायचे! पाहुण्यांच्या नावांची, खोलीवार जोड्या लावलेली यादी आठवडाभर आधी द्यायची. कोणत्या आत्याबाई कोणत्या काकूंबरोबर एका खोलीत राहतील, हे ज्याने कधी ठरवले असेल त्यालाच या अटीतील क्रौर्य कळेल. आणि हे सर्व आमच्या बाजूने बंधनकारक असताना हॉटेलच्या बाजूचे प्रत्येक वाक्य ‘उपलब्धतेनुसार’ या शब्दाने संपते. कोणत्या मजल्यावरच्या खोल्या, तर उपलब्धतेनुसार. एकमेकींना लागून मिळतील का, तर उपलब्धतेनुसार. रात्री मुंबईहून सुटलेली कोकणकन्या सकाळी करमळीला पोहोचते, खोलीचा ताबा दुपारी दोनला मिळतो, आणि मधले तास वयस्कर मंडळींनी लॉबीतील सोफ्यावर बॅगा सांभाळत काढायचे, कारण लवकर ताबा देणे हेही उपलब्धतेनुसारच. टेम्पो ट्रॅव्हलरच्या चालकाला झोपायला एक खाट मागितली, तर तिचे उत्तर मात्र तत्काळ आणि निःसंदिग्ध मिळाले. नाही.

पंधरा-वीस खोल्यांमागे एक खोली विनामूल्य देण्याची पद्धत या धंद्यात आहे. सहल कंपन्यांना ती न मागता मिळते. आम्ही मागितल्यावर ‘ती फक्त एजंटांसाठी’ असे सांगण्यात आले. एजंटाला जे देता येते ते पूर्ण रक्कम आगाऊ भरणाऱ्या कुटुंबाला का देता येत नाही, याचे उत्तर कोणाकडेही नाही. नाताळ ते नववर्ष या आठवड्याबद्दल मी बोलतच नाही. २४ आणि ३१ डिसेंबरचे ‘गाला डिनर’ माणशी वेगळे पैसे घेऊन सक्तीने खायला घालण्याची प्रथा ज्यांनी सुरू केली, त्यांच्याशी घासाघीस करण्याची माझी प्राज्ञा नाही.

त्यांचे म्हणणे मी ऐकून घेतले आहे. हंगाम जेमतेम काही महिन्यांचा, पावसाळ्यात खोल्या ओस, पगार आणि विजेची बिले बारमाही. मान्य आहे. मग दर वाढवा, पण तो एका आकड्यात सांगा. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे येथील देवस्थानांच्या अग्रशाळांत मी वर्षानुवर्षे पाहुणे उतरवले आहेत. तेथे दर विचारला की दर सांगतात, पावती फाडतात आणि किल्ली देतात. तेथे वातानुकूलन आणि पोहण्याचा तलाव नसेल, परंतु जो दर मला तोच माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाला असतो. ज्या हॉटेलांत प्रत्येक मजल्यावर संगणक आहे, त्यांना कर, नाश्ता आणि जादा गादी धरून एका खोलीची एका रात्रीची रक्कम एका ओळीत लिहून देता येत नाही, हे मी मानायला तयार नाही. देता येते, पण द्यायची नसते, कारण ती ओळ हातात आली की गिऱ्हाईक शेजारच्या हॉटेलच्या ओळीशी ताडून पाहील.

आणि नातेवाइकांनो, तुम्हीही जरा ऐका. ‘आम्हाला ऑगस्टमध्ये अडीच हजारांत मिळाली होती, तुला एवढी महाग कशी लावली?’ असे भर पंगतीत विचारणाऱ्या मावसभावाला मी त्या वेळी वाढप्याकडे पाहत गप्प बसलो, कारण मुलीचे सासरे शेजारी होते. पुढच्या कार्याला मी हॉटेलांचे फोन नंबर, कराचा तक्ता आणि पाहुण्यांच्या यादीचा कोरा कागद त्याच्याच हाती देणार आहे. दर त्यानेच ठरवावा, आत्याबाईंची खोलीही त्यानेच ठरवावी.